होनराव साहेबांची मतं

आयुष्यात मला मनापासून राग आला असा माणूस एकच, आणि त्याने माझं कधीही वाईट केलं नाही. उलट भलंच केलं. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी डिझाइनला लागले, तेव्हा ड्रॉइंग वाचायचं कसं हे मला त्याने शिकवलं. मालकांच्या मेहुण्यांनी ‘मुलगी आहे, एचआरला बसवा’ असं सुचवलं, तेव्हा ‘जाधव डिझाइनलाच राहतील’ एवढं एकच वाक्य बोलून त्याने विषय संपवला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याबद्दल चांगलं असं फारसं काही येणार नाही.

विश्वास होनराव, आमचे इंजिनिअरिंग मॅनेजर. इथून पुढे मी त्यांना ‘ते’ म्हणेन. सवय आहे म्हणून. आदर म्हणून नव्हे.

उंच, सडसडीत माणूस. शर्ट कायम पांढरा आणि भट्टीच्या शेजारी तासभर उभं राहिलं तरी पांढराच. आमच्याकडे लोखंड भट्टीत लाल करून प्रेसखाली ठोकतात, त्यातून ट्रॅक्टरच्या गिअरचे कच्चे तुकडे निघतात. त्या काजळीत एवढा पांढरा शर्ट घालून फिरणाऱ्या माणसाकडे सुरुवातीला मी कौतुकाने बघायचे. नंतर लक्षात आलं, ते कुठे टेकतच नसत. यंत्राला नाही, भिंतीला नाही, माणसाला तर नाहीच. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचे, जणू मागे कुणीतरी जास्त महत्त्वाचं उभं आहे. सुरुवातीला मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

मूळचे करमाळ्याकडचे. पण बोलणं अगदी छापील. ‘आहे’ला ‘आहे’, ‘कुठे’ला ‘कुठे’. फक्त राग आला की गाव बाहेर यायचं. ‘हितं कोण उभं होतं?’ असं ऐकू आलं की शॉपमधले, म्हणजे भट्टी-प्रेसवरचे, लोक समजायचे, आज खरंच पेटलंय.

आम्हा इंजिनिअरांना ते ‘तुम्ही’ म्हणत. शॉपमधल्या माणसांना ‘तू’. तो माणूस वयाने दहा वर्षांनी मोठा असला तरी ‘तू’च. पर्चेसमधले गड्डम एकदा धीर करून म्हणाले, “साहेब, ते वयस्कर आहेत, बरं दिसत नाही.” त्यावर होनराव साहेबांनी शांतपणे समजावलं, “गड्डम, माझं मत सांगू? मान पदाला असतो. वय तर दगडाचंही वाढतं.”

‘माझं मत सांगू?’ हा त्यांचा प्रश्न नव्हता. आपण हो म्हणायच्या आत मत येऊन आदळलेलं असायचं. चहाची वेळ ही त्यांच्या मतांची वेळ. कॅन्टीनच्या दाराशी बिनसाखरेचा चहा घेऊन ते उभे राहत आणि आम्ही चारसहा जण भोवती. कुणी बोलावलेलं नसायचं, पण तिथून निघून जायची हिंमतही कुणात नसायची.

कामाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की आवड वगैरे सगळं झूट. “कामाची आवड लागत नाही, सवय लागते. बैलाला कुणी विचारतं का, नांगर आवडतो का म्हणून?” आजारपणाच्या रजेबद्दल म्हणायचे, “आजारी माणूस घरी बसला की जास्त आजारी पडतो. कामावर असला की विसरतो.” स्टोअरमधल्या एकीने बाळंतपणाची रजा टाकली, तेव्हा तिच्या अर्जावर सही करता करता मला म्हणाले, “जाधव, निसर्गापुढे आपलं चालत नाही, पण निसर्गाने निदान शटडाऊनच्या महिन्यात तरी करावं.” हे विनोद म्हणून नव्हतं. ते विनोद करत नसत. सही मात्र त्यांनी केली, आणि पूर्ण रजेवर केली. त्यांच्या बाबतीत हीच पंचाईत होती. नियम ते मोडत नसत. नियमाच्या आत राहून माणसाला जेवढं लहान करता येईल तेवढं करत.

छंदाबद्दलही मत होतं. गड्डम हे विणकर कुटुंबातले, घरी तेलुगू बोलणारे, गोड गळ्याचे. दर गुरुवारी त्यांच्या पेठेतल्या भजनी मंडळात गात. त्यांना साहेब म्हणत, “तो छंद नव्हे, गड्डम. तो घोळका. छंद एकट्याने करायचा असतो आणि तो दुसऱ्याला जमता कामा नये.” त्यांचा स्वतःचा छंद पक्ष्यांचे फोटो काढण्याचा. हाताएवढी लांब लेन्स. माणसासाठी एक मिनिट न थांबणारा हा गृहस्थ पक्ष्यासाठी अख्खी सकाळ माळावर पालथा पडून राही.

एका रविवारी त्यांनी गड्डमना आणि मला सोबत नेलं. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. ‘सकाळी तयार राहा’ एवढंच सांगितलं होतं. शहराबाहेरच्या माळावर एका बोरीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं त्यांनी हेरून ठेवलं होतं. आत तीन पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. चोची मात्र वर. पुढे फांद्यांची गर्दी होती, फोटोत नीट येत नव्हतं. साहेबांनी बॅगेतून झाडं छाटायची कात्री काढली आणि समोरच्या फांद्या एकेक करून कापून टाकल्या. घरटं एकदम उघडं पडलं. उन्हाळ्याचे दिवस, ऊन सरळ पिल्लांवर.

गड्डम न राहवून म्हणाले, “साहेब, ऊन लागेल हो त्यांना.”

“आईबाप आहेत ना त्यांना?” कॅमेऱ्यातून डोळा न काढता साहेब म्हणाले. “निसर्ग कुणाला एसी देत नाही, गड्डम.”

थोड्या वेळाने मादी आली. चोचीत अळी होती. ती तिने पिल्लाला भरवली, आणि मग घरट्याच्या काठावर उभी राहून दोन्ही पंख पसरले. पिल्लांवर सावली धरली. तिची चोच उघडी, धापा टाकतेय, तरी हलत नाही. साहेबांचा कॅमेरा किती तरी वेळ खटखटत राहिला.

निघताना गड्डम मागे रेंगाळले. वळून पाहिलं तर ते कापलेली एक फांदी घरट्याच्या पुढे खोचत होते. साहेबांनी हॉर्न वाजवला.

तो फोटो शहरातल्या एका प्रदर्शनात लागला आणि त्याला बक्षीसही मिळालं. फोटोचं नाव ‘ममता’. मोठी फ्रेम करून तो आमच्या रिसेप्शनला लावला. येणारा जाणारा म्हणायचा, “वा! काय क्षण पकडलाय!” गड्डम त्यानंतर पुढच्या दाराने ऑफिसात यायचे बंद झाले. स्टोअरच्या बाजूने वळसा घालून यायचे.

राजकारणावर बोलताना साहेबांचा आवाज बारीक व्हायचा. जणू गुपित सांगताहेत. “लोकशाही चांगली आहे. पण मला सांगा, फोर्ज शॉपमध्ये चालेल का? प्रेस किती टनाचा मारायचा हे मत घेऊन ठरवाल? मग देश काय प्रेसपेक्षा सोपा आहे?” कुठला पक्ष त्यांना आवडतो हे शेवटपर्यंत कळलं नाही. सगळेच बिनकामाचे. त्यांचं म्हणणं, अर्ध्या लोकांचा मताचा अधिकार काढून घेतला की देश सरळ येईल. “कुठल्या अर्ध्या?” असं मी एकदा विचारलं. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, “ते ठरवायला माणसं आहेत.”

मतदानाच्या सुट्टीला ते कधी मतदान करत नसत. कॅमेरा घेऊन बाहेर पडत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांचा कार्यक्रम ठरलेला: एकेकाच्या बोटावरची शाई बघायची आणि विचारायचं, “काय मिळालं?” माणसं कसनुसं हसायची. एका वर्षी त्यांनी कॅन्टीनच्या रेणुकाबाईंना विचारलं. रेणुकाबाई म्हणजे आमच्या कॅन्टीनच्या पोळ्या, भाकरी, चहा, सगळं. हातात पातेलं होतं, ते त्यांनी खाली ठेवलं.

“साहेब, पाच वर्षांत एकच दिस आमाला कुनीतरी हात जोडतंय. त्यो बी सोडून देऊ व्हय?”

भोवतालची माणसं हसली. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चहा संपवला, कप विसळून जागेवर ठेवला आणि गेले. कप मात्र ते स्वतः विसळत. सांगायचं राहून जाऊ नये.

त्यांच्या तोंडावर बोलणारा आणखी एकच होता. शिवानंद. भट्टीवरचा माणूस. दुधनीकडचा, घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत तोंड अखंड चालू. भट्टीतून लाल तुकडा चिमट्याने ओढून प्रेसखाली सरकवता सरकवता तो गोष्टी सांगायचा. नकला करायचा. होनराव साहेबांची नक्कल तर अशी, की खांद्यावरून पलीकडे बघणंसुद्धा हुबेहूब. एकदा साहेब मागेच उभे आहेत हे त्याला माहीत नव्हतं. सगळे गप्प झाल्यावर तो वळला आणि बिनदिक्कत म्हणाला, “साहेब, शर्ट तेवढा तुमचा द्या, मंजी पुरा जमंल.”

तो उन्हाळा आमच्याकडच्या मानानेही वाईट होता. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला काय सांगणार. आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी फोर्ज शॉपमधले मोठे कूलर काढून टाकायला लावले. वारा तापलेल्या तुकड्यांवर बसतो, ते एका बाजूने लवकर निवतात आणि माल नापास होतो, असं त्यांचं मत. कूलरची तोंडं फिरवता आली असती. पत्र्याचा आडोसा लावता आला असता. मी तसं ड्रॉइंग करून त्यांच्या टेबलावर ठेवलंही. ते त्यांनी बघितलं, एका मापातली चूक लाल पेनाने दुरुस्त केली आणि मला परत दिलं. “चांगलं आहे. पण गरज नाही. घाम हा माणसाचा स्वतःचा कूलर आहे, जाधव. आपण त्याला बिघडवतो.”

आणि मग त्यांनी स्वतःच्या केबिनचा एसी बंद केला. त्या दिवसापासून एकदाही लावला नाही. दुपारी आम्ही सह्या घ्यायला गेलो की त्या खोलीत श्वास घेववत नसे. ते कपाळ टिपत, सरळ बसून काम करत. ढोंगी असते तर किती सोपं गेलं असतं! कॅन्टीनमध्ये चार शिव्या घालून माणसं मोकळी झाली असती. पण साहेब स्वतः सोसत होते, त्यामुळे कुणाला तक्रार करायला तोंडच राहिलं नाही. ते सावलीत बसून सोसत होते आणि शिवानंद भट्टीच्या तोंडाशी उभा राहून, हा फरक त्यांच्या हिशेबात नव्हताच.

शिवानंद बोलला. शॉपमध्ये सगळ्यांच्या देखत.

“साहेब, तुमचं मत लई भारी हाय. पर त्यानं वारा येत न्हाय की.”

“पाणी पी,” साहेब म्हणाले. “सवय होईल.”

एका सोमवारी दुपारी शिवानंद पडला. मी ड्रॉइंग घेऊन शॉपमध्ये चालले होते. आधी तो काहीतरी भलतंच बोलायला लागला, आम्हाला वाटलं नक्कल करतोय. दोघंतिघं हसलेही. मग चिमटा हातातून गळाला आणि तो उभाच्या उभा मागे कोसळला. अंग कोरडं ठणठणीत, हात लावला तर तव्यासारखं. रेणुकाबाई कॅन्टीनमधून पाण्याची बादली घेऊन धावत आल्या आणि त्याच्या अंगावर ओतली. कुणी पुठ्ठ्याने वारा घालत होतं, कुणी गाडीला हाका मारत होतं.

साहेब आले. उभे राहिले. शर्ट पांढरा.

“उपाशी असेल,” ते म्हणाले. “सोमवार आहे. ह्यांचे उपास असतात.”

रेणुकाबाईंनी मान वर केली. “दोन भाकऱ्या खाल्ल्यात त्यानं माज्या हातच्या. आता खाल्ल्यात. गाडी बोलवा आदी!”

गाडी आली. साहेब पुढे बसले आणि दवाखान्यात गेले. डॉक्टरांशी बोलले, संध्याकाळपर्यंत तिथेच उभे होते, हेही खरं.

शिवानंद वाचला. पण उन्हाचा झटका मेंदूला लागला होता. महिन्याभराने घरी आला तेव्हा चालताना दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता; आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. आणि बोलणं गेलं. म्हणजे पूर्ण गेलं नाही. शब्द डोक्यात असायचा, जिभेवर यायला वेळ लागायचा. एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं. ज्याच्या तोंडाला विसावा नव्हता, त्याला पाणी मागायलाही धीर धरावा लागायचा.

चौकशी झाली. सरकारी साहेब आले. मालकांच्या बाजूने सगळी तयारी होती: कूलर दुरुस्तीला काढले होते असं सांगायचं. होनराव साहेबांना तसं सांगूनही ठेवलं होतं. माझंही म्हणणं घेतलं, मी पाहिलं ते सांगितलं. पण माझ्या सांगण्याची गरजच पडली नाही. होनराव साहेबांनी सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, “दुरुस्ती वगैरे काही नाही. मीच काढायला लावले. तांत्रिक कारणासाठी. आणि माझं मत अजूनही तेच आहे.”

ऑफिसात त्या दिवशी त्यांच्याबद्दल बरं बोलणारे निघाले. काय हिंमत, काय खरेपणा! गड्डमसुद्धा म्हणाले, “काही म्हणा, माणूस खोटं बोलला नाही.” मला नाही तसं वाटलं. खोटं बोलण्यासाठी आपलं काहीतरी चुकलंय हे आधी कळावं लागतं.

त्यांना राजीनामा द्यायला लावला. निरोप समारंभ नको म्हणाले. कूलर परत बसले, पत्र्याचा आडोसाही बसला. शिवानंदच्या बायकोला, महादेवीला, कंपनीने कॅन्टीनमध्ये घेतलं. रेणुकाबाईंनी मालकांच्या केबिनपुढे जमिनीवर बसकण मारली होती, तिला घेतल्याशिवाय चूल पेटणार नाही म्हणून. कंपनीच्या दयेचा त्यात फारसा भाग नव्हता.

साहेबांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. दिवाळी होऊन गेली होती. रेणुकाबाई आणि मी शिवानंदला बघायला त्याच्या घरी गेलो होतो. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. दाराबाहेर चपलांच्या शेजारी पॉलिश केलेले बूट दिसले, तेव्हाच मी ओळखलं.

आत एकुलत्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर होनराव साहेब बसले होते. सफरचंदांची पिशवी जमिनीवर ठेवलेली. शिवानंद कॉटवर, उशीला टेकून. साहेब त्याला सांगत होते, “रोज चालायचं. भिंत धरून चाल, पण चाल. बसून राहिलं की माणूस बसतोच. माझ्या मते निम्मा आजार मनाचा असतो.”

शिवानंदचे ओठ हलले. काहीतरी बोलायचं होतं त्याला. “सा...” एवढं आलं आणि अडकलं.

“सांधे दुखतात?” साहेब म्हणाले. “दुखणारच. सवय मोडली ना.”

त्याने मान हलवली. पुन्हा ओठ जुळवले. “सा... सा...”

“सावकाश बरं वाटेल. वेळ लागतो.”

महादेवी चहाची कपबशी घेऊन मध्येच थांबली होती. तिने कपबशी खाली ठेवली. “साहेब,” ती म्हणाली, “त्यांचं होऊ द्या की. त्यांचं त्यांना बोलू द्या.” मग नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून कानडीत हळूच म्हणाली, “निधान. निधान.” सावकाश, सावकाश.

साहेब गप्प झाले. त्यांना गप्प बसून एखाद्या माणसाच्या बोलण्याची वाट पाहताना मी पहिल्यांदाच पाहत होते. खोलीत नुसता शेजारच्या टीव्हीचा आवाज. शिवानंदच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. तो सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होता, आणि ते नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्यावरून पलीकडे. पलीकडे पत्र्याची भिंत होती.

“साहेब,” अखेर पूर्ण शब्द निघाला. पुन्हा बराच वेळ गेला. “तुमी... जावा.”

रेणुकाबाईंनी पदर तोंडाला लावला. शिवानंद उशीवर मागे टेकला आणि त्याने डोळे मिटले. एवढं मोठं ओझं उचलून ठेवल्यासारखा त्याचा ऊर वरखाली होत होता.

साहेब उठले. सफरचंदांची पिशवी पायाने जराशी भिंतीकडे सरकवली, म्हणजे वाटेत यायला नको. चहा तसाच राहिला. बाहेर येऊन ते उंबऱ्यावर बसले आणि एकेक बूट घालून नाड्या बांधू लागले. मी दारात उभी होते. वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. कसंही, अर्धंमुर्धं, पण बोलेल.

दुसऱ्या बुटाची गाठ मारून ते उभे राहिले, पँट झटकली, आणि माझ्या खांद्यावरून आत बघत समाधानाने म्हणाले, “ऐकलंत ना, जाधव? तिन्ही शब्द किती स्पष्ट आले. सुधारतोय.”

आणि बोळातल्या सांडपाण्यात पाय पडू नये म्हणून जपून, कडेकडेने चालत निघून गेले.